साठीनंतर नुसतं चालून भागत नाही

बदलापूर ते सीएसएमटी ६८ किलोमीटर. तीस-पस्तीस वर्षं ही ये-जा केलेल्या माणसाच्या शरीराने रोज किती व्यायाम केला, याचा हिशेब कुणी मांडत नाही. तीन मजले उतरायचे, स्टेशनपर्यंत झपझप चालायचं, पुलाचे जिने चढायचे-उतरायचे, एका पायावर सगळा जोर घेऊन डब्यात चढायचं आणि पुढे ठाण्यापर्यंत तरी हलत्या गाडीत कडी धरून तोल सांभाळत उभं राहायचं. संध्याकाळी हेच सगळं उलट, शिवाय हातात भाजीची पिशवी. अंबरनाथच्या ऑर्डनन्स फॅक्टरीत किंवा विम्कोत पाळ्या केलेल्यांचं, उल्हासनगरच्या बाजारात दिवसभर दुकानात उभं राहून मालाचे गठ्ठे काढलेल्यांचंही तेच. व्यायाम म्हणून कुणी काही करत नव्हतं, पण रोजीरोटी तो करून घेत होती.

निवृत्तीच्या दुसऱ्या दिवशी हे सगळं एकदम थांबतं. त्याच्या जागी येतो सकाळचा फेरफटका, कट्ट्यावरच्या गप्पा, दुपारची झोप आणि संध्याकाळी टीव्ही. फेरफटका उत्तमच, तो कुणी सोडू नये. पण लोकलच्या दिवसांतलं फक्त सपाटीवरचं चालणं त्यात उरतं. चढणं, उतरणं, ओझं उचलणं, हलत्या डब्यात पाय रोवून उभं राहणं हे सुटतं, आणि पायातलं बळ व अंगाचा तोल टिकत होता तो याच गोष्टींमुळे. ‘मी रोज पाच किलोमीटर चालतो, मला काय धाड भरलीय?’ असं म्हणणारे कितीतरी काका सोफ्यावरून उठताना दोन्ही हात गुडघ्यांवर रेटतात. हा लेख त्यांच्यासाठी आहे. जे अजिबात चालत नाहीत त्यांच्यासाठी तर आहेच.

आपल्याकडे याला आणखी एक कारण आहे, ते म्हणजे आपल्या इमारती. फाळणीनंतर आलेल्या सिंधी कुटुंबांना कल्याणजवळच्या लष्करी छावणीतल्या बराकींत आसरा मिळाला आणि १९४९ साली त्या वसाहतीचं नाव उल्हासनगर झालं. पुढे बराकींच्या जागी चार-पाच मजली इमारती उभ्या राहिल्या, त्यांतल्या कितीतरी बिनलिफ्टच्या. अंबरनाथ-बदलापुरातल्या जुन्या सोसायट्यांचीही तीच गत. अशा इमारतीत तिसऱ्या मजल्यावर राहणाऱ्या पंच्याहत्तरीच्या आजींना कुठे जाता येईल आणि कुठे नाही, हे त्यांच्या मांड्यांतलं बळ ठरवतं. जिना जड जायला लागला की आधी भाजी आणणं सुटतं, मग देवळात जाणं, मग लग्नकार्यं. शेवटी खाली उतरायचं ते डॉक्टरकडे जायला, तेही दोघांनी धरून. वयच झालं आता, असं घरचे म्हणतात. वयाचा वाटा असतोच, पण बराचसा वाटा वापर थांबल्याचा असतो, आणि तो भाग परत मिळवता येतो.

बळ जातं कुठे

तिशी-चाळिशीनंतर शरीरातले स्नायू दर दहा वर्षांनी साधारण ३ ते ८ टक्क्यांनी कमी होतात आणि साठीनंतर हा वेग वाढतो. वजनकाट्यावर ते दिसत नाही, कारण स्नायूची जागा चरबी घेते. ‘माझं वजन वीस वर्षांत हललं नाही’ यावर म्हणूनच विसंबू नये. शिवाय स्नायूचा आकार घटतो त्याहून लवकर त्यातली ताकद उतरते, आणि त्याहूनही लवकर झटका जातो. पाय अडखळला की पुढचं पाऊल पटकन टाकून सावरायला हा झटकाच लागतो.

आता यातली आशेची बाजू. १९९० साली अमेरिकेत बॉस्टनला मारिया फियाटारोन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वृद्धाश्रमातल्या दहा अशक्त रहिवाशांकडून आठ आठवडे पायांचा वजनी व्यायाम करून घेतला. त्यांची वयं होती ८६ ते ९६. ज्यांनी तो पूर्ण केला त्यांच्या पायांची ताकद सरासरी १७४ टक्क्यांनी वाढली, दोघांनी काठी सोडली, आणि हात टेकल्याशिवाय खुर्चीतून उठता न येणाऱ्या तिघांपैकी एक जण तसं उठू लागला. अभ्यास छोटा होता, पण नव्वदीतला स्नायूही शिकवलं तर शिकतो, हे त्याने दाखवलं. व्यायाम थांबवल्यावर चारच आठवड्यांत कमावलेल्या ताकदीला मोठी ओहोटी लागली, हेही त्यातच दिसलं. नियमित हा शब्द आपण सवयीने लिहितो, तो इथे शब्दशः घ्यायचा.

मोठ्या प्रमाणावरचा पुरावाही आहे. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या ‘लाइफ’ नावाच्या अमेरिकी अभ्यासात ७० ते ८९ वयाची १६३५ माणसं होती. निम्म्यांना आरोग्याची व्याख्यानं दिली, निम्म्यांना चालणं आणि त्याबरोबर ताकदीचे, तोलाचे व्यायाम दिले. सरासरी अडीच वर्षांहून जास्त काळ पाहणी झाली. ४०० मीटर आपलं आपण चालता न येणं, ही त्यांची अपंगत्वाची व्याख्या होती. ती वेळ व्याख्यानवाल्यांत ३५.५ टक्के लोकांवर आली, व्यायामवाल्यांत ३०.१ टक्के लोकांवर. पाच टक्क्यांचा फरक कागदावर लहान वाटतो. पण ४०० मीटर म्हणजे आपल्याकडे कोपऱ्यावरच्या किराणा दुकानापर्यंत जाऊन परत येणं.

जागतिक आरोग्य संघटनेने २०२० मध्ये पासष्टीपुढच्यांसाठी जे सांगितलं ते याला धरूनच आहे. आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम गतीची हालचाल, किमान दोन दिवस ताकदीचे व्यायाम आणि किमान तीन दिवस तोल व ताकद दोन्ही लागतील असे व्यायाम. पहिली अट आपल्या मैदानांवरचे बरेच जण पाळतात. उरलेल्या दोन फार थोडे.

आधी स्वतःला तपासा

भिंतीला टेकवलेली, हात नसलेली, साधारण १७ इंच उंचीची भक्कम खुर्ची घ्या. प्लास्टिकची नको, ती मागे सरकते. हात छातीवर उलटसुलट बांधून घ्या आणि तीस सेकंदांत किती वेळा पूर्ण उभं राहून परत बसता येतं ते मोजा. घड्याळाकडे दुसऱ्या कुणाला तरी बघू द्या. सत्तर ते चौऱ्याहत्तर वयाच्या पुरुषाला १२ आणि बाईला १० वेळा जमत नसेल, तर पाय कमजोर आहेत आणि पडण्याचा धोका जास्त आहे असं समजावं. हात टेकल्याशिवाय एकदाही उठता येत नसेल तर शून्य लिहा आणि त्याची लाज बाळगू नका. सुरुवात तिथूनच करायची आहे.

दुसरी तपासणी तोलाची. स्वयंपाकाच्या ओट्याजवळ उभं राहा, पडलात तर धरता येईल असं, आणि एक पाय जमिनीवरून उचला. दहा सेकंद टिकतं का? ब्राझीलमधल्या २०२२ च्या एका अभ्यासात ५१ ते ७५ वयाच्या १७०२ जणांना हेच करायला सांगितलं होतं. ज्यांना दहा सेकंद जमलं नाही, त्यांच्यात पुढच्या काही वर्षांत मृत्यूचं प्रमाण लक्षणीय जास्त आढळलं, वय आणि इतर आजार हिशेबात धरूनसुद्धा. एका पायावर उभं राहिल्याने आयुष्य वाढतं असा याचा अर्थ नाही. शरीरातल्या बऱ्याच यंत्रणा एकत्र नीट चालल्या तरच तोल राहतो, आणि म्हणून ही साधी खूण बोलकी ठरते.

दोन्ही आकडे कॅलेंडरवर त्या तारखेच्या चौकोनात लिहून ठेवा. दीड-दोन महिन्यांनी परत मोजा.

घरातले व्यायाम

सगळ्यात महत्त्वाचा व्यायाम तोच, ज्याने तपासणी केली: खुर्चीतून उठणं-बसणं. आपल्या आजोबांच्या पिढीने तालमीत मारल्या त्या बैठकांचं हे साठीपुढचं रूप. तो नीट कसा करायचा, ते जरा बारकाईने पाहू.

खुर्चीच्या पुढच्या अर्ध्या भागावर सरकून बसा. पावलं गुडघ्यांच्या किंचित मागे, दोन पावलांत वीतभर अंतर. आता छाती पुढे न्या, इतकी की नाक पायाच्या बोटांवर येईल. बहुतेकांची चूक इथेच होते. ताठ बसूनच उठायचा प्रयत्न करतात, मग अंग मागे ओढलं जातं आणि गुडघ्यांवर हात रेटावे लागतात. नाक पुढे आलं की वजन तळपायांवर येतं. मग टाचा जमिनीत दाबून श्वास सोडत उठा आणि सरळ उभे राहून क्षणभर थांबा. बसताना धपकन अंग टाकू नका. मनात एक ते चार मोजत हळूहळू खाली या. मांडीचा स्नायू खरा कमावला जातो तो या खाली येण्यात, आणि जिना उतरताना गुडघ्याला सावरतो तोही हाच. आठ-दहा वेळा करा, मिनिटभर थांबा, पुन्हा करा. सुरुवातीला जमत नसेल तर खुर्चीवर जाड उशी किंवा दुमडलेली गोधडी ठेवून बैठक उंच करा. दर आठवड्याला एकेक घडी कमी करत जा. सोपं वाटायला लागलं की हातात पाण्याची भरलेली एकेक लिटरची बाटली घ्या. शेवटच्या दोन वेळा कठीण जायला हव्यात. वीस वेळा सहज जमतंय आणि तरी तेवढंच चालू आहे, तर ताकद वाढत नाही.

बाकीचे व्यायाम याभोवती बसवायचे. ओट्याला हात लावून टाचा उचला, दोन सेकंद चवड्यांवर राहा, सावकाश टेका; पोटऱ्यांना याची फार गरज असते. मग टाचा टेकवून चवडे वर उचला, कारण चालताना पावलाचं टोक नीट उचललं गेलं नाही की पेव्हर ब्लॉकच्या कडेला ठेच लागते. हातांसाठी भिंतीवरचे जोर: भिंतीपासून दीड हातावर उभं राहून तळवे टेकायचे, कोपरं वाकवत छाती भिंतीकडे न्यायची आणि ढकलून परत यायचं. तोलासाठी दात घासताना बेसिन धरून एका पायावर उभं राहा, मग एकाच बोटाचा आधार, मग नुसता हात जवळ. आणि ओट्याच्या कडेने एका पावलाची टाच दुसऱ्याच्या बोटांना लावत दहा पावलं चालणं. यातल्या कशालाही पैसे पडत नाहीत की जिमची फी लागत नाही. आठवड्यातून तीन दिवस, मध्ये एक दिवस सोडून, वीस-पंचवीस मिनिटं पुरतात.

बिनलिफ्टच्या इमारतीत राहणाऱ्यांकडे एक साधन आयतंच आहे. कठड्याला हात ठेवून, घाई न करता, दिवसातून एक जिना जास्तीचा चढा. उतरताना गुडघा दुखत असेल तर दुखरा पाय आधी खाली ठेवा, चढताना चांगला पाय आधी वर. अंबरनाथच्या शिवमंदिरात मंडपातून गाभाऱ्यात जायला विसेक पायऱ्या उतराव्या लागतात. १०६० सालचं हे शिलाहारकालीन मंदिर. आत अंधार, पायऱ्या दगडी. श्रावणी सोमवारी तिथे उतरायला न धजावणारे आणि वरूनच हात जोडणारे वयस्कर लोक दिसतात, तेव्हा फार वाईट वाटतं. त्यांतल्या कित्येकांना तीन-चार महिन्यांच्या खुर्चीच्या बैठकांनी ते जमेल.

योगासनं करणाऱ्यांनी ती जरूर चालू ठेवावीत. पुण्यात बी. के. एस. अय्यंगारांनी खुर्ची, भिंत, पट्टा, लाकडी ठोकळे यांचा आधार घेऊन आसनं शिकवायची जी पद्धत रुजवली, ती वयस्कर माणसांसाठी वरदान आहे, आणि ते स्वतः ९५ वर्षं जगले. मात्र आसनं टीव्हीसमोर बसून एकट्याने शिकू नयेत. रक्तदाब जास्त असेल तर श्वास कोंडून धरणं आणि जोरजोरात कपालभाती टाळा. काचबिंदू असेल तर डोकं खाली जाणारी आसनं नकोत. हाडं ठिसूळ झाली असतील तर कमरेतून पूर्ण पुढे वाकणं धोक्याचं, कारण त्यात मणका दबू शकतो.

चालायचं कसं, कुठे, कधी

दहा हजार पावलांचं ओझं घेऊ नका. तो आकडा १९६० च्या दशकात जपानमध्ये पावलं मोजणारं एक यंत्र बाजारात आलं, त्याच्या नावातून आला आहे. सरासरी ७२ वर्षं वयाच्या सोळा हजारांहून अधिक अमेरिकी बायकांच्या २०१९ च्या अभ्यासात, दिवसाला २७०० पावलं चालणाऱ्यांपेक्षा ४४०० पावलं चालणाऱ्यांत मृत्यूचं प्रमाण बरंच कमी दिसलं, आणि ७५०० च्या आसपास तो फायदा स्थिरावला. जो आज हजारच पावलं चालतो त्याने दोन हजारांवर जावं, आणि तिथून पुढे.

गती मात्र महत्त्वाची. चालताना बोलता यावं पण गाणं म्हणता येऊ नये, ही मध्यम गतीची सोपी खूण. रक्तदाबाच्या काही गोळ्या नाडी वाढू देत नाहीत, त्यामुळे मनगटावरच्या घड्याळातल्या आकड्यांपेक्षा ही खूण जास्त भरवशाची. मित्रांबरोबर रमतगमत गप्पा मारत चालणं मनासाठी फार चांगलं. त्यातली दहा मिनिटं तरी गप्पा तोडून झपझप चाला. मधुमेह असेल तर जेवणानंतर दहा-पंधरा मिनिटं चालण्याने साखर कमी उसळते. तेवढं तर गॅलरी ते स्वयंपाकघर अशा येरझाऱ्यांतही होतं.

उल्हासनगरात गोल मैदान, अंबरनाथला शिवमंदिराचा परिसर, बदलापूर पश्चिमेला बॅरेज रोड अशा जागा चालणाऱ्यांच्या ओळखीच्या. पण पहाटे पाचच्या अंधारात बाहेर पडायचा हट्ट नको. हिवाळ्यात थंड हवेत धूळ आणि धूर जमिनीलगत साचून राहतो. दम्याच्या आणि हृदयाच्या रुग्णांनी ऊन थोडं वर आल्यावर निघावं. एमआयडीसीकडून उग्र दर्प येतोय असं वाटेल त्या दिवशी बाहेरचं चालणं रद्द करून घरातले व्यायाम करावेत. हवा आपल्या हातात नाही, तेवढा निर्णय आहे. अंधारात उघडी चेंबरं, खणलेले रस्ते आणि भटकी कुत्री हे तिन्ही धोके वाढतात. हातात काठी असली तर कमीपणा नाही. पायात सपाता किंवा सैल चप्पल नको, मागून बंद असणारी, तळ न घसरणारी पादत्राणं हवीत. नऊवारी असो की सलवार, खाली स्पोर्ट्स शू घातले तर कुणी हसत नाही आता.

एप्रिल-मे मध्ये बदलापूरचा पारा चाळिशी ओलांडतो. वय वाढलं की तहान कमी लागते, म्हणून तहान लागायची वाट न बघता निघायच्या आधी पाणी प्या, आणि साडेसातच्या आत घरी या. पावसाळा तर चार महिन्यांचा. उल्हास नदी फुगते, रस्त्यांवर शेवाळ धरतं, आणि ‘पाऊस उघडला की सुरू करू’ म्हणता म्हणता गणपती येतात. बॉस्टनच्या त्या मंडळींचं चार आठवड्यांत काय झालं ते आठवा. पावसाळ्यासाठी घरातला व्यायाम आधीच ठरवून ठेवायला हवा: खुर्ची, ओटा, जिना आणि खोलीतल्या खोलीत जागच्या जागी पावलं टाकणं.

बायकांसाठी थोडं वेगळं

‘दिवसभर उभीच तर असते मी, वेगळा व्यायाम कशाला?’ हे वाक्य प्रत्येक घरात ऐकू येतं. घरकाम ही हालचाल आहेच आणि ती मोजलीही जाते. पण ओट्यापाशी तासन्‌तास उभं राहण्याने कंबर आखडते, मांडी मजबूत होत नाही. पूर्वी खाली बसून केर, जमिनीवर बसून भाजी निवडणं, पाट्यावर वाटणं यात उठाबशा होत. आता सगळं उभ्याने. रजोनिवृत्तीनंतर हाडांची झीज बायकांत वेगाने होते, आणि हाडाला मजबूत राहायला स्नायूची ओढ लागते. म्हणून ताकदीच्या व्यायामाची गरज खरं तर बायकांना जास्त, आणि त्यांच्याचपर्यंत तो कमी पोचतो.

एक गोष्ट कुणी मोकळेपणाने बोलत नाही. खोकताना, शिंकताना लघवीचे थेंब सुटतात म्हणून कित्येक बायका लांब चालायला जात नाहीत, पाणी पीत नाहीत, भजनी मंडळाची सहलही टाळतात. वाटेत स्वच्छ शौचालय मिळेल याची खात्री नसते, तेही कारण खरंच. लघवी थांबवताना जे स्नायू आवळले जातात, ते बसल्या जागी पाच सेकंद आवळायचे, पाच सेकंद सैल सोडायचे, असं दहा वेळा, दिवसातून तीनदा. प्रत्यक्ष लघवी करताना मात्र हा व्यायाम करायचा नाही. नेटाने केला तर साधारण तीन महिन्यांत फरक पडतो. त्याने नाही भागलं तर डॉक्टरांना सांगायला संकोच करू नका.

आणि जेवण. मुलांच्या ताटात अंडं, नवऱ्याच्या ताटात मासळी, स्वतःला उरलेला भात-वरणाचं पाणी, हे आता पुरे. व्यायामाने स्नायू बांधला जातो तो प्रथिनांतून. रोजच्या दोन्ही जेवणांत घट्ट वरण, मटकीची उसळ, पिठलं, दही, अंडं, सुकट, पनीर यांपैकी काहीतरी भरपूर हवं. शेजारची सिंधी आजी डाळ पालक घालून साईभाजी करते, तीही उत्तम. मूत्रपिंडाचा आजार असेल तर प्रमाण डॉक्टरांना विचारून.

आजार असतील तर

रक्तदाब, मधुमेह, जुनं हृदयाचं दुखणं, झिजलेले गुडघे, ही व्यायाम न करण्याची कारणं नाहीत. तो जपून सुरू करण्याची कारणं आहेत. आधी नेहमीच्या डॉक्टरांना विचारा. खासगी दवाखाना परवडत नसेल तर उल्हासनगरचं मध्यवर्ती रुग्णालय सरकारी आहे, रक्तदाब आणि साखर तिथे तपासता येते. इन्सुलिन किंवा साखर फार उतरवणाऱ्या गोळ्या घेत असाल तर उपाशीपोटी चालायला जाऊ नका, आणि खिशात खडीसाखर ठेवा. रक्तदाबाच्या गोळीनंतर उठताना डोळ्यांपुढे अंधारी येत असेल तर कॉटच्या कडेला मिनिटभर बसून, पाय हलवून मग उभं राहा, आणि डॉक्टरांना ते सांगा.

गुडघ्यांबद्दलचा गैरसमज सगळ्यात हट्टी आहे. वाटी घासली गेली आहे, आता वापरू नका, असं शेजारीपाजारी सांगतात. खरं तर मांडीचा स्नायू मजबूत झाला की गुडघ्यावरचा भार हलका होतो, आणि दुखणं कमी करायचे जे उपाय आहेत त्यांत व्यायामाचा क्रम फार वरचा आहे. व्यायाम करताना थोडं दुखलं आणि दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत पूर्ववत झालं, तर चालू ठेवा. गुडघा सुजला, गरम झाला, किंवा दुखणं दोन दिवस राहिलं तर प्रमाण कमी करा.

चालताना छातीत आवळल्यासारखं वाटणं, डावा हात किंवा जबडा दुखणं, थंड घाम, अचानक धाप, तोंड वाकडं होणं, एका बाजूचा हात-पाय लुळा पडणं, यापैकी काहीही झालं तर तिथेच थांबा, बसा आणि १०८ ला फोन करा किंवा करवा. पित्त असेल म्हणून सोडा पिऊन घरी जाऊ नका.

आजारपणानंतरचा काळ विशेष जपायचा. २००७ च्या एका प्रयोगात साठीपुढच्या धडधाकट माणसांना दहा दिवस अंथरुणावर ठेवलं, तेव्हा त्यांच्या पायांतला जवळजवळ एक किलो स्नायू गेला. डेंगी, न्यूमोनिया, शस्त्रक्रिया यांनंतर ‘महिनाभर आराम करा बाबा’ असं मुलं प्रेमाने म्हणतात. डॉक्टरांची हरकत नसेल तर दुसऱ्या-तिसऱ्या दिवसापासून कॉटवर बसणं, धरून उभं राहणं, खोलीत चार पावलं टाकणं सुरू व्हायला हवं. सुनेने चहा हातात आणून देण्यापेक्षा टेबलापर्यंत चालवत नेणं, ही त्या दिवसांतली खरी सेवा.

एकट्याने केलेला व्यायाम सहसा लवकर सुटतो. शेजारच्या दोघा-तिघांना घेऊन गच्चीवर खुर्च्या मांडा. ज्येष्ठ नागरिक संघाच्या बैठकीत भाषणांआधी पंधरा मिनिटं सगळ्यांनी उठाबशा काढल्या तर सभा रंगेलच. हास्यक्लबांची चळवळ १९९५ साली मुंबईतल्या बागेत डॉ. मदन कटारियांनी मूठभर माणसांसह सुरू केली आणि जगभर गेली, ती माणसांना एकत्र जमायला निमित्त हवं होतं म्हणूनच. जोडीदार गेल्यावर कोमेजलेली माणसं अशा घोळक्यात पुन्हा बोलू लागतात. मनावरचं मळभ हटायला, झोप लागायला आणि भूक लागायला हालचालीची मदत होते, हे वैद्यकशास्त्रही सांगतं.

पडल्यावर उठायचं कसं

इतकं करूनही कधीतरी पडायला होईल. मोरी, पहिली पायरी आणि रात्री लघवीला उठल्यावरचा अंधार, या तीन जागा नेहमीच्या. मोरीत धरायला भिंतीत पक्का बसवलेला स्टीलचा दांडा आणि घसरणार नाही अशी चटई हवी. टॉवेल अडकवायची दांडी अंगाचं वजन पेलत नाही. कॉटपासून संडासापर्यंत रात्रभर लहान दिवा चालू ठेवा.

पडल्यावर उठता येणं हाही शिकण्याचा भाग आहे, आणि तो शिकायचा धडधाकट असताना, घरात कुणीतरी जवळ असताना. सतरंजीवर पाठीवर झोपा. आधी काही सेकंद तसेच पडून राहा आणि हात-पाय हलवून कुठे मोडलंय का ते पाहा. मग गुडघे वाकवून कुशीवर वळा. कोपरावर रेटून, मग तळहातांवर जोर देऊन चार पायांवर या. जवळच्या भक्कम खुर्चीपर्यंत रांगत जा, दोन्ही हात बैठकीवर ठेवा, चांगला पाय पुढे घेऊन पाऊल टेकवा, हातांनी दाबत उठा आणि वळून खुर्चीत बसा. लगेच चालायला लागू नका. डोक्याला मार लागला असेल, खुब्यात कळ असेल, पाऊल बाहेरच्या बाजूला वळलेलं दिसत असेल, किंवा रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील, तर उठायची खटपट न करता मदत बोलवा.

एकटं राहत असाल तर घराची एक किल्ली शेजारी देऊन ठेवा, दाराला आतून कडी न लावता बाहेरून उघडेल असं लॅच लावा, आणि मोबाइल मोरीत जातानाही बरोबर न्या आणि जमिनीवर पडलात तरी हात पोचेल अशा उंचीवर ठेवा. शेजाऱ्याचा नंबर पहिल्या बटणावर.